घरची शाळा आणि गावची शाळा

बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीत जामखेड तालुका वसला आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी आणि माणसे कष्टाळू, अशी या मुलखाची ओळख सांगितली जाते. याच तालुक्यात चोंडी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी एक कन्या जन्मास आली. तीच पुढे अहिल्याबाई होळकर या नावाने साऱ्या हिंदुस्थानात वंदनीय ठरली. तिच्या नावावरून २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले.

अहिल्याबाईंच्या बालपणी गावोगाव पंतोजींच्या शाळा भरत. मुळाक्षरे, उजळणी आणि मोडी लिपीतील हिशेब एवढे शिक्षण तेथे मिळे. मात्र त्या शाळांची दारे मुलींना उघडी नव्हती. मुलीच्या हाती पाटी देणे हे त्या काळी निरर्थक मानले जाई. माणकोजींनी ही रूढी बाजूला सारली आणि आपल्या लेकीला घरातच लिहायला वाचायला शिकवले. चोंडीच्या पाटलाचे घर हीच अहिल्येची पहिली शाळा आणि तिचे वडील हेच तिचे पहिले गुरू होत.

१७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. सासरीही तिचे शिक्षण थांबले नाही. सुनेची बुद्धी आणि निष्ठा पारखून मल्हाररावांनी तिला दौलतीच्या कारभारात हळूहळू गुंतवले. हिशेब, पत्रव्यवहार, वसुली, फौजेची तरतूद या सर्व गोष्टी तिने प्रत्यक्ष कामातून आत्मसात केल्या. तोफखाना आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी मल्हारराव तिला पत्राने सूचना देत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचेही निधन झाले. दुःखाचे असे डोंगर कोसळले असतानाही अहिल्याबाईंनी राज्याची धुरा उचलली आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत ती समर्थपणे वाहिली. घरात मिळालेले शिक्षण किती दूरवर पोहोचू शकते, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्यास जामखेडच्या माणसाला तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

गृहशिक्षणाचे गुण या उदाहरणात स्वच्छ दिसतात. घरी शिकवणाऱ्याचे सारे लक्ष एका मुलावर असते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात मागे राहिलेल्या मुलासाठी शिक्षकाला थांबता येत नाही आणि पुढे गेलेल्या मुलाला थांबवून धरावे लागते. घरी मात्र मुलाच्या पावलाप्रमाणे धडा चालतो. एखादी गोष्ट उमगेपर्यंत तिथेच थांबता येते, उमगली की लगेच पुढे जाता येते. दुसरा गुण असा, की घरात ज्ञान आणि काम यांची ताटातूट होत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला पाभरीच्या दोन तासांमधील अंतर, बियाण्याचे माप, विहिरीच्या पाण्याची पातळी आणि बाजारातील भाव यांतून गणित भेटते. आजीच्या जात्यावरील ओव्यांतून आणि आजोबांच्या गोष्टींतून भाषा भेटते. तिसरा गुण मायेचा आहे. भीतीने पाठ केलेले लवकर विसरते. प्रेमाने शिकवलेले जन्मभर पुरते.

परंतु या चित्राची दुसरीही बाजू आहे. माणकोजींसारखा पिता चोंडीतील एका घरात होता. ज्या घरांत तसा पिता नव्हता, त्या घरांतील मुलींचे काय झाले? त्याच गावात त्याच वर्षी जन्मलेल्या इतर मुलीही असतील. त्यांच्यातही कोणी तल्लख असेल. परंतु त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. घरच्या शिक्षणाचा दिवा कितीही तेजस्वी असला, तरी त्याचा उजेड बहुधा त्या घराच्या उंबरठ्यापर्यंतच पडतो. या प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

गृहशिक्षणाची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी पंडिता रमाबाईंच्या चरित्रात एकत्र आढळतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये, असा त्या काळच्या पंडितांचा आग्रह असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्यामुळे झालेला विरोध सोसून त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात आश्रम बांधला. तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरू लागले. वडील वृद्ध झाले होते; म्हणून रमाबाईंना आईने शिकवले. वाटचाल चालू असतानाच श्लोक पाठ होत होते. मुलीला ना बाके होती, ना फळा, ना घंटा. तरीही १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली तेव्हा तिचे पांडित्य पाहून तेथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले.

मात्र कलकत्त्यास पोहोचण्यापूर्वीची कहाणी फार करुण आहे. दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. १८७४ मध्ये अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे दगावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघे मागे राहिले. दोघांच्याही मुखी हजारो श्लोक होते. परंतु पोट भरण्याचा एकही व्यवहारी उद्योग त्यांना शिकवलेला नव्हता. जे वडिलांजवळ होते ते त्यांनी मुलांना भरभरून दिले. जे वडिलांजवळ नव्हते ते मुलांना कोठूनच मिळाले नाही. गृहशिक्षणातील मोठी उणीव हीच होय. आई-बापांच्या ज्ञानाची कुंपणे तीच मुलाच्या ज्ञानाची कुंपणे होऊन बसतात.

शिवाय घर म्हणजे नेहमी एका विचाराने चालणारी संस्था नसते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७३ मध्ये विवाह होऊन आलेल्या आपल्या पत्नीला, रमाबाईंना, घरीच शिकवण्यास प्रारंभ केला. शिकवणारा पती विद्वान होता, शिकणारी पत्नी उत्सुक होती. तथापि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. दिवसभर टोमणे आणि अबोला सोसून रमाबाईंना अभ्यास करावा लागला. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते दिवस प्रांजळपणे वर्णिले आहेत. शाळेत गेलेल्या मुलाला घराच्या कटकटीपासून निदान पाच-सहा तासांची सुटका मिळते. घरीच शिकणाऱ्याला ती मिळत नाही.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण यापुढचे पाऊल दाखवते. १८३१ मध्ये नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंना पाटी-पेन्सिल मिळाली ती पती जोतीरावांच्या हातून. त्यांच्याही शिक्षणाचा आरंभ घरीच झाला. परंतु शिक्षिका होण्यासाठी तेवढे पुरेसे नाही, हे दोघांनीही ओळखले होते. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवीत असत. त्या शाळा पाहून जोतीराव फार प्रभावित झाले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी अहमदनगर गाठले. जो जिल्हा अहिल्याबाईंचे माहेर, त्याच जिल्ह्यात शतकानंतर एक गृहशिक्षित स्त्री शाळेत बसून शिकवायला शिकली. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई तेथे शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. लोकांनी अंगावर शेण आणि चिखल फेकला. त्यांनी शाळा सोडली नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. घरी शिकलेल्या या थोर व्यक्तींनी पुढे इतरांसाठी शिक्षणाची दारे उघडली. सावित्रीबाईंनी मुलींना शिकवले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये निराधार स्त्रियांसाठी शारदासदन काढले आणि आपल्याला जे मिळाले नव्हते ते, म्हणजे हाताला उद्योग, तेथील मुलींना मिळेल याची काळजी घेतली. रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभारले. बंगालमध्येही तेच घडले. रवींद्रनाथ ठाकुरांना बालपणी शाळेच्या भिंतींचा जाच वाटे; त्यांचे बरेचसे शिक्षण घरी, भावांच्या आणि खासगी शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले. तेच रवींद्रनाथ १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे विद्यालय स्थापन करते झाले. भिंती नकोत म्हणून त्यांनी वर्ग झाडांखाली भरवले; परंतु मुलाने एकटे शिकावे असे मात्र त्यांनी म्हटले नाही. घरच्या शिक्षणाचे मोल ज्यांना पुरेपूर ठाऊक होते, त्यांनाच शाळेची निकड अधिक जाणवली, हे सहज घडलेले नाही.

आज काळ पालटला आहे. २००९ मध्ये संसदेने बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले आणि बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरले. जी गोष्ट चोंडीच्या एका मुलीला पित्याच्या कृपेने मिळाली, ती आता प्रत्येक मुलीचा हक्क आहे. असे असूनही पुण्या-मुंबईसारख्या शहरांतील काही कुटुंबे जाणूनबुजून मुलांना शाळेत न घालता घरी शिकवतात. त्यांच्यासाठी या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. तसेच मुलाला शाळेत न घातल्याबद्दल पालकाला दंडही सांगितलेला नाही. अशा घरांतील पुष्कळशी मुले वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देतात आणि पुढील शिक्षणाची वाट धरतात.

या पालकांचे म्हणणे केवळ हौसेचे आहे असे समजणे अन्यायाचे होईल. गुणांची जीवघेणी स्पर्धा, पाठीवरचे ओझे, शिकवण्यांमागून शिकवण्या यांत मुलाचे कुतूहल मरते, ही त्यांची तक्रार खरी आहे. कोणा मुलाला दीर्घ आजार असतो, कोणाची शिकण्याची रीत निराळी असते, कोणाला संगीतासाठी किंवा खेळासाठी दिवसाचे बरेच तास द्यावे लागतात. अशा मुलांना घर हेच सोयीचे विद्यालय ठरते. परंतु त्यासाठी घरात शिकलेले, धीराचे आणि सवड असलेले माणूस हवे. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे आई असते. तिला आपला उद्योग सोडावा लागतो. एका मिळकतीवर संसार चालू शकेल, अशी घरे किती निघतील?

यापेक्षाही महत्त्वाची उणीव सोबतीची आहे. शाळेत मूल केवळ पुस्तक शिकत नाही. तेथे पाटलाचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाच सतरंजीवर बसतात. आपल्यासारखे नसलेल्या मुलाशी डबा वाटून खाणे, हरणे, रुसणे, पुन्हा खेळायला जाणे, बहुमताने ठरलेले मान्य करणे, हे धडे कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नसतात. घरात येणारी माणसे बहुतेक आपल्याच जातीची, आपल्याच ऐपतीची आणि आपल्याच मतांची असतात. लोकशाहीतील नागरिकाला परक्याशी बंधुभावाने वागणे शिकावे लागते, आणि ते परक्याच्या सहवासावाचून कसे साधणार? शिवाय घरात एखाद्या मुलाचे हाल होत असतील, तर ते ओळखणारा पहिला बाहेरचा माणूस पुष्कळदा त्याचा शिक्षकच असतो.

२०२० मध्ये साऱ्या राज्याला या प्रश्नाची परीक्षा द्यावी लागली. करोनाच्या साथीमुळे मार्चच्या मध्यास शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक घर हे नाइलाजाने शाळा बनले. भ्रमणध्वनीवरून धडे पाठवले गेले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. अनेक शिक्षक वस्त्यांवर गेले आणि झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर चार-चार मुलांना घेऊन बसले. ज्या घरी शिकलेले पालक आणि साधने होती, तेथील मुले पुढे सरकत राहिली. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी होता आणि तोही बापाबरोबर कामावर जात होता, तेथील मुलांची अक्षरओळखही पुसट झाली. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले. त्या दिवशी गणवेश तोकडे झालेली मुले धावत शाळेत आली. सर्वांची घरे सारखी नसतात, हे सत्य त्या दीड-पावणेदोन वर्षांनी उघडे केले.

जामखेडला हे सत्य आधीपासूनच ठाऊक होते. या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुले सोबत गेली, तर फडाजवळची पाचटाची कोपी हेच त्यांचे घर होते. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत राहते. तिची आई तिच्यावर माणकोजींइतकीच माया करते. पण तिच्यापाशी शिकवायला अक्षर नाही आणि वेळही नाही. अशा मुलींसाठी साखरशाळा निघाल्या, आणि मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. आजीजवळ राहून जी मुलगी गावच्या शाळेत जाते, तिची इयत्ता वाचते. तिला गृहशिक्षणाचे गुणदोष तोलून पाहण्याची चैन परवडणारी नाही. तिच्या आयुष्यात शाळा नसेल, तर शिक्षणच नसेल.

सोबतीने शिकण्याचे बळ जामखेडने आणखी एका प्रकारे अनुभवले आहे. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांमधून आरोग्यसेविका निवडल्या. त्यांपैकी अनेकजणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्या जामखेडला एकत्र जमत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि शिकत. बाळाचे वजन कसे घ्यावे, सुरक्षित बाळंतपण कसे करावे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे शिकून त्या गावी परतत आणि घरोघर सांगत. एकटीने घरात बसून जे शक्य नव्हते ते मंडळात बसून शक्य झाले, आणि मंडळात मिळवलेले ज्ञान पुन्हा घरात पोहोचले. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

यास्तव घर आणि शाळा यांना प्रतिस्पर्धी मानणे योग्य नाही. घराने मुलाला माया, सवयी आणि जिज्ञासा द्यावी; शाळेने त्याला सोबत, विस्तार आणि समान संधी द्यावी. काही मुलांना, काही काळापुरते, घरीच शिकवणे हिताचे असेल; त्यांच्या वाटेत कोणी काटे पेरू नयेत. शाळेनेही घरापासून थोडे शिकावे, म्हणजे मुलाच्या पावलाने चालावे आणि मायेने बोलावे. परंतु समाजाने शाळेचा हात कधीही सोडू नये. कारण चांगले घर हे दैवाने मिळते. चांगली शाळा मात्र सर्वांनी मिळून उभारता येते.

माणकोजींनी आपल्या लेकीच्या हाती पाटी दिली, हा त्यांचा मोठेपणा. गावातील प्रत्येक लेकीच्या हाती ती पडावी, हे साऱ्या गावाचे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. अहिल्याबाईंच्या दोन ‘घरच्या शाळा’ कोणत्या? प्रत्येकीत त्या काय शिकल्या?
२. पंडिता रमाबाईंच्या शिक्षणातून गृहशिक्षणाचा कोणता गुण आणि कोणता दोष दिसतो?
३. ‘घरी शिकलेल्या थोर व्यक्तींनी पुढे शाळा काढल्या.’ यामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘चांगले घर हे दैवाने मिळते, चांगली शाळा मात्र सर्वांनी मिळून उभारता येते.’ हे वाक्य धड्यातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. शाळा बंद असताना त्यांनी घरी काय शिकवले, कोणती अडचण आली, हे तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहून आणा.